शेवटचा घोट

जवळ सरकून बसा, मायबाप. कीर्तनकार धुंडिराजबुवांच्या शेवटच्या घोटाची गोष्ट ऐकवतो.

बुवा सकाळी गेले. मुलाने, हेरंबने, त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवून पळीभर गंगाजल सोडलं, आणि बुवांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. बुवांनी पाणी गिळलं होतं.

"अरे, आहेत हे," बुवांच्या पत्नी वत्सलाबाई कशाबशा बोलल्या. "रेवतीला हाक मार."

शेजारची डॉक्टर रेवती धावत आली. तिने नाडी पाहिली, डोळे पाहिले. "काकू, काका नाहीत. पोटात बसवलेली ती यंत्राची कुपी अजून चालू आहे. ती आम्लही थांबवते आणि घशाला झटका देऊन घास खालीही ढकलते. माणूस गेलेलं तिला काय कळणार? पण अग्नी देण्याआधी बंद करावी लागेल, नाहीतर आगीत तिची बॅटरी फुटेल."

याच कुपीमुळे बुवांच्या घशाशी येणारं आंबट थांबलं होतं, बसलेला आवाज पुन्हा कीर्तनाच्या शेवटच्या भागापर्यंत, उत्तररंगापर्यंत पुरू लागला होता.

"थांब गं, एकदा मला पाजू दे," बाई म्हणाल्या. " तिखट कमी घाल म्हणायचे, पण माझ्या हातचं कधी टाकलं नाही त्यांनी."

बाईंनी पळीभर पाणी सोडलं, आणि बुवांनी तोही घोट घेतला.

"कर आता बंद."

रेवतीने मोबाइलवर बोट टेकवून कुपी बंद केली. बाईंनी पुन्हा पळी लावली. पाणी ओठांच्या कडेने जमिनीवर ओघळलं, आणि सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी वावरणाऱ्या बाईंनी हंबरडा फोडला.

तुमचा घास सुखाने उतरला की मायबाप, बुवांची आठवण काढा.