हसायची चोरी

"खोकताना, शिंकताना, हसताना लघवी निसटते का?" नर्सबाईंनी विचारलं, तसं धाकटीनं आधी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे थोरली बहीण पर्स मांडीवर घेऊन ठाण मांडून बसली होती. बाहेर थांबा म्हटलेलं तिला ऐकूच आलं नव्हतं.

"निसटते," धाकटी म्हणाली. तिचे कान तापले.

"त्याचा रोजच्या जगण्याला त्रास किती? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे जीव नकोसा."

"असेल तीन-चार."

बायका हा आकडा नेहमी कमीच सांगतात, हे नर्सबाईंना पाठ होतं. त्यांनी काही लिहिलं नाही. "त्यापायी कुणाकडे जाणं सोडलंय का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण दीड वर्ष थापा मारून मारून धाकटी दमली होती. "हिच्याकडे," ती म्हणाली. "हिच्या पार्लरमध्ये."

थोरली ताडकन उठली. "म्हणून तू त्या कोपऱ्यावरच्या बाईकडून केस कापून घेतेस? सख्ख्या बहिणीची कात्री असताना? माझं काय चुकलं, माझं काय चुकलं, म्हणून जीव झुरला माझा! आणि तिनं तर तुझ्या डोक्याचं पार घरटं करून ठेवलंय!"

"मग काय करू? कात्री हातात आली की तुझी टकळी सुरू. गिऱ्हाइकांच्या त्या नकला! मी हसले की संपलंच. दोनदा तुझी खुर्ची गुपचूप रुमालानं पुसून आले. लाज वाटली गं, ताई. तुझ्याशिवाय करमेना आणि तुझ्यासमोर बसायची सोय नाही." तिचे डोळे भरून आले.

"मग हे तीन-चार नाही," नर्सबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी नऊ लिहिलं.

थोरली खाली बसली. मग ती म्हणाली, "माझ्या नकलांना मी स्वतः कधी हसलेय?"

"कधीच नाही. सगळे म्हणतात, काय ताबा आहे हिचा."

"ताबा कसला डोंबलाचा! मुलाच्या वेळच्या बाळंतपणापासून दात आवळून उभी आहे मी!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटीच्या नाकातून आधी फुस्स आवाज आला. मग थोरली फुटली, कित्येक वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर यावं तशी. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मांड्या घट्ट आवळून, डोळे पुसत.

"संडास कुठाय, संडास?" थोरली कशीबशी म्हणाली. नर्सबाईंनी बोट दाखवेपर्यंत दोघी हात धरून व्हरांड्यातून पळत सुटल्या होत्या.

नर्सबाईंनी दुसरा कोरा कागद पुढे ओढला. "अहो ताई, तुमचा आकडा किती लिहू?" त्यांनी दारातून हाक मारली.

"या घडीला?" व्हरांड्याच्या टोकाकडून हसण्यात बुडालेला आवाज आला. "या घडीला शून्य लिहा हो, शून्य!"