इम्पोर्टेड रिंग

"सीलबंदच हवाय?" स्टोअर सांभाळणाऱ्या देवरामने विचारलं.

"हो. नव्या लॉटमधला एक नंबरचा खोका दे. सही करून नेतेय." कल्पिताने रजिस्टर पुढे ओढलं.

शहाडच्या त्या पंपांच्या कारखान्यात ती बारा वर्षं अकाउंट्सला होती. पंप हातोहात खपत, तरी कंपनी दरवर्षी तोट्यात. कारण एक छोटीशी रिंग. ती परदेशातल्या मूळ कंपनीकडूनच घ्यायची, नगाला अठराशे रुपये मोजून. रिंग कल्पिताने कधी पाहिली नव्हती, पण तसली वस्तू बाजारात शंभराला मिळते हे तिने विचारून ठेवलं होतं. म्हणजे नफा गुपचूप तिकडे जायचा आणि इथला कर वाचायचा. आता तर तोट्याचं निमित्त करून दिवाळीनंतर कारखान्याला टाळं लागणार होतं. दीडशे माणसं घरी बसणार होती, त्यांत तीही.

फायनान्सच्या विनीत सरांना तिने विचारून पाहिलं होतं. ते गोड हसले होते.

"रेट तिकडून येतो, मॅडम. आपण फक्त एंट्री मारायची."

त्या हसण्यानेच तिचं डोकं फिरलं. तेव्हापासून तिला ज्याचा त्याचा संशय येई, अगदी चहावाल्याचासुद्धा.

घरी मात्र नवऱ्याचा, देवेशचा, भक्कम आधार होता. "लुटतात साले! तू बिनधास्त जा ठाण्याच्या कर कार्यालयात. नोकरी गेली तर गेली. आपली दुबईची ऑर्डर आहे ना?"

त्या ऑर्डरवरच घर उभं होतं. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्याच्या दोन लेथवरचा माल दुबईच्या एका व्यापाऱ्याकडे जाई. लॉट निघण्याआधी पहिल्या नगाला देवेशच्या आई, गोदूबाई, कुंकवाचं बोट लावत.

"अगं आई, गंज समजून परत धाडतील ते!" देवेश चिडवायचा.

"धाडू देत की," म्हणत त्या बोट लावतच. आजवर एकही नग परत आला नव्हता.

ठाण्यापर्यंत कल्पिताने खोका मांडीवरून हलवला नाही. रिक्षामागची मोटारसायकल विनीत सरांनीच पाठवलीय, असं तिला दोनदा वाटलं.

कर कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी कागद सावकाश वाचले. "माल मूळ कंपनीच्या तिकडच्या कारखान्यात बनतो, असं यात लिहिलंय. तुमचं काय म्हणणं?"

"खोटं आहे, मॅडम. कुठल्या तरी फडतूस वर्कशॉपमधून उचलत असणार. शोधून काढा आणि बंद पाडा."

बाईंनी चिकटपट्टी कापली, वरचा फोम उचलला. रिंगा ओळीने मांडलेल्या होत्या. पहिलीवर तांबूस डाग होता.

"हे काय, गंज?"

कल्पिताने रिंग हातात घेतली. डागावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला लाल भुकटी लागली.

"नाही," ती कशीबशी म्हणाली, "कुंकू आहे. आमच्या सासूबाईंनी लावलेलं."