बाटलीतली वाम

फौजदारांनी दुसरी बाटली गटारात ओतली तेव्हा मानसिंग त्यांच्या अंगावर धावून गेला.

गुंडा शिपायाने मधेच त्याची गचांडी धरली नसती तर फौजदारांच्या गालावर पाच बोटे उठली असती. गटारातून डोळे चुरचुरवणारा औषधाचा वास येत होता, आणि त्याबरोबर मानसिंगची कित्येक वर्षांची मेहनत वाहून चालली होती. फौजदारांनी वर पेटती काडी टाकली. काडी चर्रकन विझली.

"बाँबचं सामान न्हाई म्हनायचं," फौजदार लालासाहेब म्हणाले. "मग काय हाय रं ह्ये?"

त्रेचाळीस साल होते. भूमिगतांनी जिल्ह्यातल्या पोलिसांची झोप उडवली होती. आज कोणी गोसावी होऊन फिरे, उद्या कासार, परवा वैदू. त्यात हा गडी शिरवळला मोटारीतून उतरला तो बाटल्यांची पेटी घेऊन, आणि विचारले तर म्हणतो, मी खोल समुद्रातल्या माशांचा अभ्यास करतो. साताऱ्यात! जिथे समुद्र पाहून आलेला माणूस वर्षभर पारावर तेच सांगत बसतो.

"लढाईसाठी सरकारने आमचं जहाज घेतलं," मानसिंग म्हणाला. "म्हणून हे घेऊन घरी चाललो होतो. तेवढ्या खोल जाळं पोचत नाही, साहेब. तिथले मासे सहसा हाती लागत नाहीत. पण त्यांतल्या कितीतरी जणांची अंडी आणि पिलं वरच्या पाण्यात तरंगतात. ती तलम जाळीने गाळून घ्यायची. पिलू कुणाचं ते ओळखलं, की खाली कोण राहतं ते कळतं."

"आमीबी तसंच करतो," फौजदार म्हणाले. "खालचा घावत न्हाई, वर तरंगनारा धरायचा."

गुंडा फिदीफिदी हसला. फौजदारांनी एक बाटली उजेडात धरली.

"ह्यात तर पान हाय."

"पान नाही, वाम माशाचं पिलू आहे. आत्ता चपटं, काचेसारखं दिसतंय. मोठं झालं की सापासारखं गोल होतं. डोळा बघा त्याचा."

"वाम. नक्की?"

"मान कापलीत तरी दुसरं नाव सांगणार नाही."

"बरं. सांगलीच्या कालिजातला मास्तर बलावतो. त्यो तुला व्हय म्हनला तर सुटलास. न्हाई तर येरवडा. खटला न्हाई, वकील न्हाई, आन् कवा सुटशील ते देवालाबी ठावं न्हाई."

संध्याकाळी कृष्णातकाका भाकरी घेऊन आले. काका पलटणीतले सुभेदार, पेन्शनीत निघालेले. मिशा अजून ताठ होत्या, पण कोठडीच्या गजांशी उभे राहताना त्यांचा चेहरा उतरला होता.

"विजयमालेचं दिस भरल्यात," ते म्हणाले. "रडून रडून तुज्या बायकूनं डोळं सुजवल्यात. आन् तू फौजदाराव हात उचलतुयास?"

"त्यांनी बाटल्या ओतल्या, काका."

"तुजी जीभ हाय का कोयता? जहाजावरच्या सायबाला चारचौघांत खोटं पाडलंस. बाकीच्यास्नी दुसरीकडं काम मिळालं, तुला मातुर घरची वाट दावली. आता तरी शाना हो. वडीलधारा मानूस तुज्यापायी सांगलीवरनं येतुया. चुकला तरी त्येला तोंडाव चुकला म्हनू नगंस."

"पण चूक ती चूकच ना?"

"प्वार बगायचं हाय का न्हाई तुला?"

भाकरी तशीच राहिली.

प्राध्यापक दुसऱ्या दिवशी दुपारी आले. काळा कोट, चष्मा, हातात काठी, पिकल्या मिशा. मानसिंगने वाकून नमस्कार केला. फौजदार खिडकीशी पाठमोरे उभे राहून तंबाखू मळत होते.

प्राध्यापकांनी भिंग लावून एकेक बाटली पाहिली. जाळी कशाची, पाण्यात कधी सोडायची, अंडी खराब होऊ नयेत म्हणून काय करता, असे हळू आवाजात विचारले. प्रत्येक उत्तराला मान डोलावली. दोन दिवसांत मानसिंगशी माणसासारखे बोललेला हा पहिलाच माणूस होता. त्याला गहिवरून आले.

मग त्यांनी ती पानासारख्या पिलाची बाटली उचलली.

"वा! बोंबलाचं पिलू. सुरेख जपलंय."

मानसिंगच्या कपाळाची शीर उडाली. बोंबील! कुठे किनाऱ्याच्या गढूळ पाण्यातला बोंबील आणि कुठे ही वाम! या गृहस्थांनी जन्मभर बेडूक कापले असावेत, आणि बोंबील पाहिला असेल तो सांगलीच्या बाजारात वाळलेला. शब्द अगदी दातांपर्यंत आले.

"काय, बरोबर ना?" प्राध्यापकांनी चष्म्यावरून मायेने विचारले.

मानसिंगला विजयमालेचे सुजलेले डोळे दिसले.

"बरोबर, सर. बोंबीलच."

एवढे बोलताना त्याला घाम फुटला. पण बोलून झाल्यावर हलकेही वाटले. जगात असेच वागायचे असते तर, आपल्यालाच उशिरा कळले, असे त्याच्या मनात आले.

"माझं काम झालं," प्राध्यापक भिंग खाली ठेवत म्हणाले.

मानसिंग घाईघाईने बाटल्या पेंढ्यात गुंडाळू लागला. संध्याकाळच्या मोटारीने घर गाठता आले असते.

फौजदार खिडकीपासून वळले.

"काल वाम हुती."

मानसिंगचे हात थांबले. "वामच आहे, साहेब. सर वयाने मोठे, माझ्यासाठी एवढ्या लांबून आले, म्हणून मी फक्त..."

"खरा शिकल्याला आसतास तर भांडून चौकी डोक्याव घेतली आसतीस. ज्याला कायबी येत न्हाई, त्योच दुसऱ्याच्या व्हयला व्हय म्हनतो."

"साहेब, देवाशपथ वाम आहे ती!" मानसिंग प्राध्यापकांकडे धावला. "सर, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

प्राध्यापकांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ते काठी टाकून टाचा जुळवून उभे राहिले होते.

"हवालदार," फौजदार त्यांना म्हणाले, "त्यो कोट वकिलाला परत द्या, आन् ह्येला बेड्या घाला."