बाराव्या खुर्चीची ऊब

वाकवलेल्या प्लायवूडच्या जुन्या खुर्च्या जमवायचं चित्रकलेच्या मास्तरांना वेडच होतं. "आता माणसांनी बसायचं कुठे?" बायको लटक्या रागाने विचारायची.

बाराव्या खुर्चीची बैठक मात्र रोज सकाळी उबदार लागायची, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. मास्तरांनी ती उन्हापासून दूर, गार कोपऱ्यात हलवली. तरी ऊब तशीच.

बायको घाबरेल म्हणून तिला काही न सांगता त्यांनी खुर्ची विकायची ठरवली.

गिऱ्हाईक दारात आलं, तेव्हा बायको त्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती. रिकाम्या बैठकीवर तिने आपली शाल पांघरली होती.

"अगं, खुर्ची न्यायला आलेत."

"त्यांना परत पाठवा," ती कुजबुजली. "आणि हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."