ओळखीच्या फाइली

“तुमच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर चार लाख फाइली आहेत, मावशी,” तपासनीस म्हणाला. “एकेक उघडत बसलो तर माझी नोकरी संपेल, फाइली संपायच्या नाहीत.”

म्हातारीला हसू आलं नाही. मुलगा जाऊन महिना झाला होता. इस्पितळातून त्यानं मित्राला एवढंच सांगितलं होतं, की आईसाठी लिहिलंय, कॉम्प्युटरमध्ये आहे.

“मग सापडणार कसं?”

“प्रत्येक फाइलचा ठसा निघतो, बोटाच्या ठशासारखा. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो. लोकांसाठी बाहेर पडलेल्या प्रोग्रामांच्या फाइलींचे ठसे आमच्या यादीत आहेत. ठसा जुळला की फाइल ओळखीची, ती बाजूला. उरेल ते त्याचं स्वतःचं.”

ती यादी तोच भरायचा. दर सोमवारी इंटरनेटवरून नवे प्रोग्राम उतरवायचे, ठसे काढायचे, यादीत टाकायचे. दहा वर्षांत त्यातली एकही फाइल त्यानं उघडून पाहिली नव्हती. गरजच काय!

“सहा वर्षं बोलणं बंद होतं आमचं,” म्हातारी म्हणाली. “पत्रं धाडायचा. मी मेली हट्टी! निरोप पाठवला, अक्षर बारीक आहे, मला दिसत नाही. तेव्हा चांगलं दिसत होतं. आता खरंच दिसेनासं झालंय. डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया केली नाही तर उरलीसुरली नजरही जाईल. पत्र असेल तर करते. नसेल तर कशाला? कुणाचं तोंड बघायचंय आता?”

“तुम्हाला काय म्हणायचा तो?”

“सरकार. सारखी हुकूम सोडायचे ना मी.” तिनं पदरानं नाक पुसलं.

तपासनीसानं जीव तोडून काम केलं. यादीनं भराभर फाइली बाजूला काढल्या. मुलानं स्वतः बनवलेला एक छोटा प्रोग्रामही त्यांत गेला. तो कितीतरी लोकांनी फुकट उतरवून घेतलेला, म्हणजे ओळखीचाच. शेवटी दोनशे बारा उरल्या. त्या त्यानं अथपासून इतिपर्यंत वाचल्या. औषधांच्या चिठ्ठ्या, मित्रांचे फोटो, नोकरीचे अर्धवट अर्ज. ‘आई’ नाही, ‘सरकार’ नाही.

“काही नाही, मावशी. छातीठोक सांगतो.”

“म्हणजे मला बरं वाटावं म्हणून मित्र खोटं बोलला.” ती उठली. “डॉक्टरांना नको म्हणून कळवते. हे यंत्र पुसून कुणालाही देऊन टाका.”

“मावशी, डोळ्यांचं तेवढं…”

“पुसा म्हटलं ना!”

त्यानं पुसलं.

वर्षभरानं ती त्याला रस्त्यात दिसली, शेजारणीचा हात धरून काठीनं चाचपत चाललेली. तो समोरून गेला तरी तिला कळलं नाही. त्याला हाक मारायचा धीर झाला नाही.

पुढे त्याच्याही चष्म्याचा नंबर वाढला. पलीकडच्या टेबलावरची सहकारी वैतागून म्हणाली, “अहो, किती डोळे ताणाल? अक्षरं मोठी करणारा प्रोग्राम घ्या की. फुकट आहे. यादीत तुम्हीच तर टाकलाय.”

त्यानं तो उतरवला. वापरून बघायला सोबत नमुन्याची एक फाइल होती. त्यानं ती उघडली. पडदाभर वीतवीत उंचीची अक्षरं उमटली:

“सरकार, आता तरी दिसतंय का? येऊ घरी?”