सड्यावरचा थांबा

दर्शनाने तिकिटाचं मशीन छातीशी धरलं आणि पाय घट्ट जुळवले. ओटीपोटातून हाक आली होती. स्पष्ट, ओळखीची.

कित्येक महिन्यांनी आली होती. कंडक्टरची नोकरी लागल्यापासून दर्शना सकाळी पाण्याची चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. प्यायचंच नाही, म्हणजे उतरायला नको. तरी हाक यायची. दर्शना तिला म्हणायची, थांब. शाळेत थांब, जत्रेत थांब, लग्नाच्या मांडवात थांब. हे तर पाचवीलाच पुजलेलं. मग हाक बारीक झाली. मग आलीच नाही. आली ती थंडी, ताप आणि कमरेतली कळ.

"लघवीची पिशवी भरली की नसा मणक्याला सांगतात, मणका मेंदूला," राजश्री डॉक्टर म्हणाल्या होत्या. "मेंदू म्हणतो धर, की पिशवीच्या तोंडाचा स्नायू आवळून धरतो. मेंदू म्हणतो सोड, की तो सैल होतो आणि पिशवी आकसते. तू इतकी वर्षं नुसतं धर म्हणत आलीस, दर्शना. पिशवी ताणून सैल पडलीय, तो स्नायू सुटायचं विसरलाय. आत उरलेल्या लघवीतले जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत."

"मग आता?"

"भरपूर पाणी पी. ठरल्या वेळेला जात जा. आणि ज्या दिवशी हाक येईल, त्या दिवशी तिला ओ दे. नाहीतर नळी घालून फिरावं लागेल."

रजेवर असताना तिने सगळं केलं. आज कामावर परतल्याचा पहिला दिवस, आणि आजच हाक आली. राजापूरहून रत्नागिरीकडे निघालेल्या गाडीत, सड्याच्या उघड्या पठारावर मधोमध. दोन्ही बाजूंना काळा कातळ. आडोशाला करवंदीची एक जाळीसुद्धा नाही.

पुढे कातळावर नवा पेट्रोल पंप दिसला. दर्शनाने दोरी ओढली. एकदाच.

गाडी थांबली. ड्रायव्हर गंगारामदादांनी मान वळवली. "काय झाला, म्याडम? हितं थांबा नाय."

"माहीत आहे. पंपावर घ्या, दादा. लघवीला जायचंय."

हळूच म्हणायचं होतं तिला; पण सगळ्या गाडीने ऐकलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. खिडकीजवळचा एक माणूस घड्याळ बघत म्हणाला, "अहो बाई, पावसला उतरा की! आधीच उशीर झालाय."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. थांब, हा जुना शब्द जिभेवर आला. तिने तो गिळला.

"मघाशी काजूच्या बागेशी सगळे पुरुष उतरलात, तेव्हा नाही झाला उशीर?"

माणसाने घड्याळावर बाही ओढली. मघाशी सगळ्यांत आधी उतरले होते ते गंगारामदादा. ते खाकरले आणि त्यांनी स्टिअरिंग पंपाकडे वळवलं.

दर्शना पाठ ताठ ठेवून चालत गेली. सगळ्या गाडीची नजर पाठीला टोचत होती. पंपावरच्या बायकांच्या मोरीची कडी लावली, बसली, आणि काहीच होईना. स्नायू आवळलेलाच. बाहेर काय बोलत असतील? किती हसत असतील? तिने जोर करून पाहिला. जोराने तो आणखीच आवळला.

हसू देत. आज ओ दिल्याशिवाय उठायचं नाही.

तिने दात सोडले. खांदे सोडले. मुठी उघडल्या. लांब श्वास घेतला आणि नुसती वाट पाहिली. आधी थेंब. मग अडखळती धार. मग पोफळीच्या बागेत पाटाचं तोंड मोकळं करावं आणि पाणी आपल्या वाटेने निघावं, तसं सगळं वाहून गेलं. दर्शनाच्या डोळ्यांतही पाणी आलं.

तिने तोंड धुतलं. काय काय ऐकावं लागेल, त्याला काय काय उत्तर द्यायचं, हे मनाशी जुळवलं आणि कडी काढली.

दारातच नऊवारीतल्या आनंदीबाई उभ्या होत्या. राजापूरला अर्धं तिकीट काढून बसलेल्या.

"झाला काय गो बाये? मग सर बाजूला!"

त्यांच्यामागे मोरीपासून गाडीच्या दारापर्यंत रांग लागली होती, आणि गाडीत एकही बाई उरली नव्हती.