फुटलेला पत्ता

“माझा पत्ता त्याला कोणी दिला, तेवढं नाव सांगा. मग मी जाते.”

टॅक्स ऑफिसच्या खिडकीत कोपर रोवून ती उभी होती. दातांच्या कवळ्या करणारी बाई, नखांत अजून गुलाबी मेण. सकाळी एका आजोबांच्या खालच्या दातांना आकार देत असतानाच भावाचा फोन आला होता. “ताई, त्याला तुझा पत्ता मिळालाय. टॅक्स ऑफिसातून काढला म्हणून परवा गल्लीभर मिरवत होता, मला आज कळलं.”

‘तो’ म्हणजे तिचा नवरा. त्याने तिचा हात मोडला होता, आणि पुढची पाळी मुलीची होती. तिच्या आसपासही फिरकायचं नाही, असा कोर्टाने त्याला हुकूम दिला होता, पण कागदाला तो कधी घाबरला? मुलीला घेऊन ती या शहरात आली, तेव्हा सख्ख्या भावालाही तिने पत्ता कळू दिला नाही. दिला तो फक्त सरकारला. कमाई झाली की कर भरायचा आणि कर भरायचा तर पत्ता द्यायचा. याच खिडकीत तिने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, “नवऱ्यापासून लपून राहतेय. हे कोणाला दिसणार नाही ना?” आणि आतल्या हेडक्लार्कने मान वर न करता उत्तर दिलं होतं, “सरकारी काम आहे बाई. मुंगीलाही शिरायला वाव नाही.”

आता घरी बॅगा भरून तयार होत्या. ती ज्यांच्याकडे काम करायची त्या दंतवैद्याच्या बायकोजवळ मुलगी बसली होती. पुन्हा शाळा सोडावी लागणार म्हणून रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मिळेल त्या गाडीने मिळेल तिकडे जायचं होतं. पण पळण्याआधी एकदा तरी कोणाला तरी जाब विचारायचाच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आजवर तेवढंच राहून गेलं होतं.

हेडक्लार्क उठला. “आत या,” म्हणाला.

दारावर शिपायाने तिची पर्स उलटीपालटी केली होती, जेवणाचा डबासुद्धा उघडायला लावला होता. आत मात्र प्रत्येक स्क्रीनच्या कपाळावर पिवळी चिठ्ठी डकवलेली, आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच पासवर्ड. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात, तो हाच! चहावाल्यानेही तो पासवर्ड झोपेत म्हणून दाखवला असता.

“नाव मागताय, पण सापडणार नाही,” हेडक्लार्क खालच्या आवाजात म्हणाला. “आम्ही सगळे एकाच पासवर्डने शिरतो. कोणी काय पाहिलं, कोणाला विकलं, मशीनलाही कळत नाही. मी वर लिहून लिहून थकलो. वरचे म्हणतात, आजवर कुठे काय बिघडलं?”

“माझं बिघडलं!” ती ओरडली. सगळं ऑफिस माना वळवून बघायला लागलं. बघेना का. “मुंगी शिरत नाही म्हणाला होतात ना? आता तो माणूस माझ्या दारात येऊन उभा राहील. माझी लेक...”

“आला होता,” हेडक्लार्क म्हणाला. “काल संध्याकाळी.”

पर्स उचलून ती दाराकडे धावली.

“अहो, तुमच्या दारात नाही. घाबरू नका. त्या दिवशी तुम्ही गेलात, पण तुमचा प्रश्न काही गेला नाही. घरी जेवायला बसलो तर घास उतरेना. ही चिठ्ठी रोज बघतो मी, आणि तुम्हाला काय सांगून बसलो! दुसऱ्या दिवशी आल्या आल्या इथला तुमचा पत्ता बदलून टाकला. नियमात बसत नाही, पण बदलला. खरा पत्ता इथे आहे.” त्याने आपल्या कपाळावर बोट टेकवलं. “याचा पासवर्ड आमच्या घरीही ठाऊक नाही. तुमची पत्रं मीच दुसऱ्या पाकिटात घालून तुम्हाला पाठवतो.”

“मग तो गेला कुठे?”

“माझ्या घरी. आमच्या हिने त्याला बसवलं, पाणी दिलं. ‘येईलच ती आता’ म्हणत बोलण्यात गुंतवलं आणि स्वयंपाकघरातून पोलिसांना फोन लावला. कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून आत आहे तो. ऑफिस सुटलं की मी तुमच्याकडे सांगायला येणारच होतो.”

वाटभर जुळवून आणलेल्या शिव्या तिच्या तोंडातच विरघळल्या. भरलेल्या बॅगा रिकाम्या करायला हव्यात, एवढंच तिला सुचलं. उद्या मुलीला शाळेत पाठवायचं. आजोबांची कवळी पुरी करायची. तिला रडू आवरेना, आणि ते आवरावं असंही वाटेना.

“काका, तुमचे उपकार कसे फेडू मी?”

“मला कसले उपकार? मी तुमचा पत्ता नुसता पुसायला निघालो होतो. पण मशीन रिकामी जागा घेत नाही, आणि खोटा तरी कोणाचा घालणार? तर आमची ही म्हणाली, ‘नवऱ्याचं घर सोडून आलेल्या मुलीचा पत्ता माहेरचाच असतो. आपला घाला.’”